न्हाणीघराच्या भिंतीचे पोपडे



भिंतीला पोपडे आले की आपण पेंटरला फोन करतो आणि रंगाचं कार्ड मागवतो. माझं म्हणणं, कार्ड नंतर मागवा, आधी भिंतीचं वय काढा. १९३० च्या सुमारातल्या भिंतीचे पोपडे, १९७० मधल्या भिंतीचे पोपडे आणि पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या फ्लॅटच्या भिंतीचे पोपडे दिसायला सारखेच. पण प्रत्येकाचं कारण वेगळं, उपाय वेगळा. आणि त्यातल्या एका थरापासून घरातल्या लहान मुलांना खरोखरचा धोका असतो. म्हणून आज भिंतीचा इतिहास लिहिते आहे. न्हाणीघरासारख्या जागेला कसला इतिहास, असं वाटेल कुणाला. पण दिवाणखान्याची भिंत आपण पाहुण्यांसाठी दर दोन-चार वर्षांनी नीट करतो, न्हाणीघराच्या भिंतीवर मात्र ‘तात्पुरतं’ म्हणून काही ना काही फासत राहतो. त्यामुळे घरातले सगळे थर तिथेच साचलेले असतात.

आमचं सांगलीचं घर १९३८ सालचं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. खालच्या न्हाणीघरात या उन्हाळ्यात रंग काढायचं ठरलं, कारण धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला येणार आहे आणि बाळाची अंघोळही तिथेच व्हायची. पेंटरने एका कोपऱ्यात पत्र्याने रुपयाएवढी जागा खरवडून दाखवली. आतून बाहेर मोजत आलं तर वीट, चुन्याचा गिलावा, निळसर पांढऱ्या सफेदीचे पापुद्र्यावर पापुद्रे, मग फिकट गुलाबी डिस्टेंपर, कमरेपर्यंत हिरवा ऑईल पेंट, आणि सगळ्यांवर प्लास्टिक पेंटचा हस्तिदंती हात. नळाच्या बाजूला सिमेंटचं मोठं ठिगळ. आठ-नऊ दशकं एवढ्याशा जागेत.

सगळ्यात आतला चुना सगळ्यात शहाणा, हे मी आता खात्रीने सांगते. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळीवर पाणी ओतलं की तो रटरट उकळतो, फुलतो, आणि विरलेला चुना तयार होतो. तो भिंतीवर चढवला की हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे भिंतीवर आपण खरं तर दगडच लिंपत असतो, फक्त मऊ करून. आपल्याकडे हा चुना वाळूबरोबर घाण्यात मळायचे. गोल दगडी चर, त्यात फिरणारं दगडी चाक आणि ते ओढणारा बैल. अशा घाण्यांचे अवशेष आजही कितीतरी किल्ल्यांवर दिसतात. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडदाचं पाणी असं काय काय प्रदेशाप्रमाणे त्यात घालत. शेवटचा गुळगुळीत हात म्हणजे ‘नीरू’. हा शब्द जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी अजून आहे.

चुना मुरायला वेळ देणं हीही जुनीच गोष्ट. रोमन लेखक प्लिनी लिहून गेला आहे की इमारतींच्या जुन्या नियमांप्रमाणे तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना वापरायला कंत्राटदाराला बंदी होती, आणि म्हणूनच त्या काळच्या गिलाव्याला तडे जात नसत. ओल्या जागेबद्दल तर व्हित्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने वेगळा मजकूरच लिहिला आहे. ओल असेल तिथे जमिनीपासून तीन फूट उंचीपर्यंत गिलाव्यात वाळूऐवजी कुटलेलं खापर घाला, असं तो सांगतो. त्याहून जास्त ओल असेल तर थोडं अंतर सोडून आतून दुसरी पातळ भिंत उभारा, मधल्या पोकळीला खाली-वर हवेची वाट ठेवा. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस हा. आपल्याकडे विटांची सुर्खी चुन्यात घालत, ती याच कारणाने. भाजलेल्या मातीच्या भुकटीमुळे चुना ओल्यातही घट्ट होतो.

चुन्याच्या भिंतीत ओल शिरते, पण बाहेरही पडते. पावसाळ्यात भिंत गार लागायची, दसऱ्यापर्यंत कोरडी व्हायची. जुन्या न्हाणीत छताखाली झरोका असे, पेटलेला बंब असे, त्यामुळे वाफ कोंडत नसे. दिवाळीपूर्वी सफेदी व्हायची. विरलेला चुना गाळून, दुधाइतका पातळ करून, त्यात चिमूटभर नीळ आणि थोडी तांदळाची खळ किंवा डिंक. सासूबाई सांगायच्या, एका वर्षी मिस्त्रीने डिंकाऐवजी सरस आणला, तर मामंजींनी तो उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवला. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा. आमच्या घरात तो भिंतीलासुद्धा चालला नसता.

आता गंमत अशी की पुढच्या थरात, म्हणजे डिस्टेंपरमध्ये, मूळचा चिकटपणा सरसाचाच होता. खडूची पूड, रंग आणि सरसाचं पाणी ही युरोपातली डिस्टेंपरची जुनी कृती. दुधातल्या केसीनचा डिस्टेंपरही असे, आणि पुढे तेल मिसळून धुता येणारे प्रकार निघाले. देशातले रंगाचे कारखाने तोवर उभे राहू लागले होते. हावड्याला शालिमार १९०२ मध्ये, मुंबईत लोअर परळला १९२० मध्ये गहागन पेंट्स, जिची पुढे नेरोलॅक झाली. मग महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, मुंबईतल्याच चार मित्रांनी एशियन पेंट्स काढली. हातात कुंचला घेतलेला खट्याळ गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढला. माझ्या पिढीला रंगाची जाहिरात म्हणजे गट्टूच आठवतो. सफेदीची सवय असलेल्या मध्यमवर्गाला गुलाबी, आकाशी, पोपटी भिंती परवडू लागल्या त्या डिस्टेंपरमुळे.

न्हाणीघरात मात्र डिस्टेंपर टिकत नाही. त्यात खडू जास्त आणि चिकटपणा कमी, शिवाय वाफेने तो चिकटपणा मऊ होतो. भिंतीवरून हात फिरवला आणि तळव्याला पीठ लागलं, तर वर कितीही महागाचा रंग लावा, तो भिंतीला चिकटतच नाही. तो त्या पिठाला चिकटतो आणि पिठासकट खाली येतो. जुन्या सफेदीचंही तसंच. चाळीस-पन्नास दिवाळ्यांचे पापुद्रे एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. त्यावर प्लास्टिक पेंटचा हात बसला की वाळताना तो आक्रसतो आणि खालच्या पापुद्र्यांना ओढून सोडवतो. नव्या रंगाचे मोठमोठे पोपडे, मागच्या बाजूला पांढरी पूड, असं दिसलं तर दोष नव्या रंगाचा नसतो.

आता हिरव्या पट्ट्याविषयी. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तो होताच. शिंतोड्यांनी भिंत खराब होऊ नये म्हणून कमरेपर्यंत ऑईल पेंट, ही साठ-सत्तरच्या दशकातली घरोघरची पद्धत. दवाखाने, शाळा, जिने, सगळीकडे तोच हिरवा नाहीतर तपकिरी पट्टा. चुन्याच्या ओल्या भिंतीवर तेलाचा रंग लावला की काय होतं माहीत आहे? चुना हा अल्कली, आणि तेल अधिक अल्कली म्हणजे साबण. जवसाच्या तेलाचा रंग आतून अक्षरशः साबण होऊन चिकट, बुळबुळीत होतो आणि सुटतो.

पण त्यापेक्षा मोठी गोष्ट शिशाची. पांढरा रंग म्हणजे ‘सफेदा’, तो शतकानुशतकं शिशाचाच होता. शेंदूर शिशाचा. क्रोम पिवळा शिशाचा, आणि त्यात निळा मिसळून केलेला हिरवाही अर्थातच शिशाचा. शिवाय तेल लवकर वाळावं म्हणून घालायच्या द्रव्यांतही शिसं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड प्रांतात डॉक्टरांना मुलांच्या हातापायांतली ताकद जाण्याचे, दृष्टी जाण्याचे प्रकार दिसत होते. लॉकहार्ट गिब्सन या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९०४ मध्ये बोट ठेवलं ते घराच्या व्हरांड्याच्या कठड्यांवर. उन्हाने भुकटी झालेला रंग मुलांच्या हाताला लागत होता आणि हात तोंडात जात होते.

पुढे १९२१ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सफेद्याविषयी करार केला. घरांच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरायचा नाही, हा त्यातला मुख्य भाग. पण मला त्यातलं एक कलम फार महत्त्वाचं वाटतं: रंग कोरडा घासल्याने, खरवडल्याने उडणाऱ्या धुळीपासून होणारा धोका शक्य तिथे टाळावा. शंभर वर्षांपूर्वीच हे कागदावर आलेलं आहे. त्याच करारात स्त्रियांना आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना सफेद्याच्या कारखानदारी रंगकामावर ठेवायला मनाई होती. मनात येतं, रंगारी म्हणून बाईला मनाई केली ते ठीक, पण रंगारी गेल्यावर खाली पडलेले पोपडे केरसुणीने गोळा कोण करतं?

आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि पुढच्या वर्षी लागू झाले. अमेरिकेत घरगुती वापरावर बंदी १९७८ पासून आहे. म्हणजे आपल्याकडच्या २०१७ पूर्वीच्या ऑईल पेंटवर, मग तो दारावरचा असो, खिडकीच्या गजांवरचा असो की न्हाणीतल्या पट्ट्यावरचा, शिसं असेलच असं धरून चालावं. पाण्यात मिसळायच्या रंगांत ते सहसा फारसं नसतं. गर्भवतीच्या शरीरात गेलेलं शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. त्याची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून पेंटर जेव्हा म्हणाला, “काकू, घासायचं मशीन आणतो, एका दिवसात भिंत मोकळी करून देतो,” तेव्हा मी मशीनला हात जोडले. “अहो काकू, सगळीकडे असंच करतो आम्ही.” म्हटलं, म्हणूनच तर तुमचीही काळजी वाटते, तोंडाला रुमाल तरी कुठे बांधता तुम्ही? आमच्या ह्यांनाही आधी वाटलं की मी उगाच बाऊ करते आहे. मी त्यांना १९२१ आणि २०१६ ही दोन सालं सांगितली आणि लेक किती महिन्यांची आहे ते सांगितलं. मग ते काही बोलले नाहीत.

उरला सिमेंटचा थर. ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ मध्ये घेतलं. आपल्या देशात ते प्रथम मद्रासला १९०४ मध्ये झालं आणि १९१४ पासून पोरबंदरला नीट कारखाना चालला. स्वातंत्र्यानंतर सिमेंट म्हणजे प्रगती, अशी सगळ्यांचीच समजूत झाली. त्यात लोकांचं काही चुकलं नाही, ते लवकर घट्ट होतं, पाण्याला दाद देत नाही. पण चुन्याच्या मऊ भिंतीवर सिमेंटचं कडक ठिगळ लावलं की ओलीची बाहेर यायची वाट बंद होते. मग ती ठिगळाच्या कडेने वर चढते आणि तिथे लोणा फुटतो. सांगलीत आम्ही २००५ चा आणि २०१९ चा महापूर पाहिला आहे. कृष्णेचं पाणी प्यायलेल्या भिंतीला महिनोन्‌महिने श्वास घ्यायला हवा असतो, आणि आपण पाणी ओसरताच सिमेंट आणि डॅम्पप्रूफ घेऊन धावतो.

जुन्या भिंतीला वरून बंद करण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. अजिंठ्याची चित्रं पोपडे होऊन गळत होती, म्हणून १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन जाणकारांना बोलावलं. त्यांनी सुटलेला गिलावा जागच्या जागी पक्का केला, ते काम मोलाचं होतं. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं वार्निशही चढवलं. तेव्हा चित्रं झळाळून उठली, पुढे ते वार्निश पिवळं-तपकिरी पडलं, आणि ते उतरवण्याचं जिकिरीचं काम पुरातत्त्व खात्याला पुढे कित्येक वर्षं करावं लागलं. (लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, आपल्याकडे श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा धंद्यांपैकी एक. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे ही यादी लहानपणी पाठ करताना मला फार मजा वाटायची.) शेजारच्या वेरुळात, जिथे आपली इंद्रसभा आहे, तिथल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत. त्या काळच्या कारागिरांना माती कशाने बांधून ठेवायची आणि तरी मोकळी कशी राहू द्यायची, याचं गणित माहीत होतं.

बुरशीविषयीही लिहायला हवं. ओल्या भिंतीवरचा काळा-हिरवा थर म्हणजे निगोदिया जीवांचं घर, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं. बाजारात फवारे मिळतात आणि पेंटर तेच सुचवतो. चुन्यातही जीव वाचत नाहीत, हे मला कळतं. पण कोरड्या भिंतीवर ते उपजतच नाहीत, आणि आपल्या हातात तेवढंच आहे. डागडुजी चातुर्मास लागायच्या आत उरकायची ही जुन्यांची शिस्त होती, ती यासाठीही असावी.

आमच्याकडे काम संक्रांतीनंतर सुरू झालं आणि अक्षय्य तृतीयेच्या आत संपलं. लेक तोवर तिच्या सासरी. आधी गळका नळ बदलला, कारण ओलीचं मूळ तसंच ठेवून वर काहीही करण्यात अर्थ नव्हता. मग भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवला. दुसऱ्या दिवशी थेंब कागदाच्या आतल्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतून येते, बाहेरच्या बाजूला दिसले तर ती खोलीतली वाफ. आमच्याकडे नळाच्या बाजूला आत, समोरच्या भिंतीवर बाहेर. म्हणून समोर फक्त झरोका मोठा केला, तिथे मागच्या कुणीतरी अर्धी काच पक्की बसवून टाकली होती. नळाकडचं सिमेंटचं ठिगळ छिन्नीने हळूहळू काढलं आणि वीट उघडी ठेवून महिनाभर वाळू दिली. लोणा कोरड्या ब्रशने झाडला. तो पाण्याने धुवायचा नाही, विरघळून परत आत जातो.

हिरव्या पट्ट्याचं काम सगळ्यात सावकाश केलं. न्हाणीचं दार प्लास्टिकने बंद, जमिनीवर जाड प्लास्टिक, मिस्त्रीच्या तोंडाला धुळीचा चांगला मास्क. सुटलेला रंग पाणी फवारून, ओला करून पत्र्याने काढला. घट्ट बसलेला रंग मी काढू दिला नाही. त्याला पाण्याचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून त्यावरच नवा रंग घेतला. तो तसाच बंद राहिलेला बरा. रोज संध्याकाळी केरसुणी न लावता ओल्या फडक्याने पुसून घेतलं, फडकी टाकून दिली. मिस्त्रीचे कपडे इथेच बदलायला लावले, त्याच्याही घरी तीन वर्षांची मुलगी आहे.

वरच्या भागातला प्लास्टिक पेंट आणि डिस्टेंपर ओला करून, गरम पाण्याने धुऊन चुन्यापर्यंत उतरवला. हात फिरवल्यावर तळवा कोरडा आणि स्वच्छ राहिला तेव्हा थांबलो. खड्डे आणि उघडी वीट सुर्खी घातलेल्या चुन्याने भरली. चुना आणायला मिस्त्री नाखूश होता, म्हणाला पुट्टी लवकर होते. पण मिरजेच्या एका म्हाताऱ्या गवंड्याने मुरवलेला चुना दिला आणि वर दोन तास उभं राहून हाही कसा लिंपायचा ते दाखवून गेला, पैसे फक्त चुन्याचे घेतले. मग भिंत ओली करून सफेदीचे चार पातळ हात, दिवसाला एकच. पहिला हात दिल्यावर भिंत इतकी पारदर्शक, मळकट दिसते की हे घाबरून म्हणाले, “पैसे पाण्यात.” चुना वाळता वाळता पांढरा होत जातो, तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बदलला.

हिशेबही सांगते, सवय जात नाही. पेंटरच्या पहिल्या अंदाजापेक्षा खर्च सव्वापट आला. त्यातला जास्तीचा पैसा जवळजवळ सगळा मजुरीचा. चुना स्वस्तच आहे.

हिरव्या पोपड्यांच्या दोन पिशव्या भरल्या. त्या परसात पुरायच्या नाहीत, तिथे अळू आणि पुदिना आहे, आणि नातवंडं मातीत खेळणार. जाळायच्या तर मुळीच नाहीत. घनकचरा नियमांत घरगुती घातक कचरा वेगळा द्यायची सोय आहे. पिशव्यांवर मोठ्या अक्षरात ‘जुना रंग, शिसे’ असं लिहून, तोंडं पक्की बांधून त्या माळ्यावर ठेवल्या आहेत. महापालिकेच्या गाडीवरचा मुलगा म्हणाला आहे, वेगळा डबा आला की सांगतो, वहिनी. दर सोमवारी मी विचारते.